परभारे बोललेला नवस

शाळेची प्रार्थना सुरू झाली की सगळ्या पोरी आणि सगळ्या शिक्षिका डोळे मिटायच्या. उघडे असायचे ते फक्त मोठ्या बाईंचे. मला हे कसं ठाऊक? कारण माझेही उघडेच असायचे. फरक एवढाच की बाईंचे डोळे सहज उघडे असत आणि माझे, लोकांना दिसावेत म्हणून.

बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या मराठी शाळेत मी नुकती नोकरीला लागले होते. सुभद्राबाई महाजन आमच्या मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचं. उंच, काटकुळ्या, आवाज असा की पटांगणाच्या दुसऱ्या टोकाची पोरगी चिंच थुंकून टाकायची. लहानपणीच विधवा झालेल्या, पण पांढरं लुगडं कधी नेसल्या नाहीत. देव मानत नव्हत्या, आणि त्याचा गवगवाही करत नव्हत्या. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "आमची ओळख नाही." जणू शनवारा बाजारातल्या एखाद्या दुकानदाराबद्दल बोलताहेत.

त्याच सुमाराला राज्यांची नवी वाटणी झाली होती. नागपूर आमच्यापासून तुटलं, राजधानी भोपाळला गेली, आणि मराठीत येणारे सरकारी हुकूम हिंदीत येऊ लागले. आपण कुठल्या राज्यात पडणार यासाठी लोकांनी इच्छापूरच्या देवीला नारळ फोडले होते, इकडच्यांनी इकडे राहायला, तिकडे जायचं होतं त्यांनी तिकडे जायला. "एकाच देवीपुढे, एकाच पायरीवर," बाई म्हणायच्या. "बिचारीने करावं तरी काय?"

तर अशात एक नवे इन्स्पेक्टर साहेब शाळा तपासायला आले. प्रार्थनेला उभे राहिले, आणि डोळे मिटायच्या आधी त्यांना बाईंचे उघडे डोळे दिसले. नंतर ऑफिसात म्हणाले, "आप प्रार्थना के समय आँखें बंद नहीं करतीं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहब, सब बंद कर लें तो लड़कियाँ एक-दूसरे को चिकोटी काटती हैं. किसी एक को तो देखना पड़ेगा."

साहेबांनी शेऱ्यात शिस्त उत्तम असं लिहिलं. मी मात्र नाराज. मला वाटत होतं बाईंनी त्यांना चांगलं तासभर व्याख्यान द्यावं. त्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच होते. कुठल्या तरी परिषदेतून मामाने आणलेल्या चार पातळ पुस्तिका वाचून मी नास्तिक झाले होते आणि घरात ते जाहीर करण्यासाठी आषाढी एकादशीचा मुहूर्त काढला होता. आई म्हणाली, "बरं. मग खिचडी नको ना तुला?" मी दोन वाट्या खाल्ल्या. साबुदाण्याशी माझं काही वैर नव्हतं.

बाईंचा एकच नियम होता: जो बोलेल त्याने करावं. शाळेत कोणी म्हणालं, "बाई, पाण्याचे माठ धुवायला पाहिजेत," की बाई म्हणायच्या, "छान. धू." त्यामुळे आमच्या शाळेत सूचना फार कमी यायच्या. आणि स्वतः काही बोलल्या की ते झालंच म्हणून समजावं. एकदा रागाच्या भरात एका पोरीला "तुझ्या घरी येऊन तुझ्या बापाला सांगते" म्हणाल्या. घर निघालं दूर फोपनार गावाला. दुसऱ्या दिवशी भर उन्हात छत्री घेऊन गेल्या. तोवर राग उतरला होता, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. बापाने घाबरून ताक दिलं, ते पिऊन पोरीचं कौतुक करून परत आल्या. पण गेल्या.

त्या राहायच्या गंगूबाईच्या माडीवर. गंगूबाई म्हणजे फोपनारच्या केळीवाल्यांच्या घरातली. मळा गावाकडे, बिऱ्हाड शहरात. तिच्या एका घरात जेवढे देव होते तेवढी माणसं आमच्या गल्लीत नव्हती. दोघींचं रोज भांडण व्हायचं. विषय ठरलेला. गंगूबाई खालून ओरडायची, "बाई, आज चतुर्थी आहे, कांदा नका चिरू!" वरून उत्तर यायचं, "मी चिरत नाही, चिरलाय!" आणि संध्याकाळी तीच गंगूबाई मोदक घेऊन माडीवर जायची, बाई तो खायच्या, आणि "गूळ कमी आहे" म्हणायच्या.

अशा बाईंना मुदतीचा ताप आला.

ताप वाढत गेला तसं माणसांचं येणं वाढत गेलं. औषध होतं. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे, नव्या कॅप्सूल देऊन जायचे. पण येणाऱ्या प्रत्येकाच्या पदराआड आणखी काहीतरी असायचं. माझ्या आईने अभिषेक केला, तीर्थाची वाटी घेऊन मलाच पाठवलं. हिंदीचे मिश्रा मास्टर पायथ्याशी बसून डोळे मिटून जप करायचे. शेजारचे लोखंडवाले बोहरी चाचा दुवा म्हणून फुंकर घातलेलं पाणी आणायचे. प्रत्येक जण येऊन बाईंची तब्येत विचारायचा गंगूबाईला, आणि सांगायचा छताला.

"कुसुम," बाई एकदा मला म्हणाल्या. आवाज चिरकत होता, पण धार होती. "ताप मला आलाय ना?"

"हो बाई."

"मग हे सगळे वर काय बघतात? कोणी माझ्याशी बोलतच नाही. डोळे मिटून समोर बसतात. मिश्रा मास्टर बसले की मला वाटतं मी गेले आणि मलाच कोणी कळवलं नाही."

मी उत्साहाने म्हटलं, "मी हाकलून देऊ सगळ्यांना?"

"आणि माझ्याबद्दल अर्ज कुठे द्यायचा तर द्या," बाई माझं न ऐकता पुढे म्हणाल्या, "पण मुख्याध्यापिकेमार्फत जायला नको? परस्पर वर पाठवतात. मला विचारून तरी?"

मग ग्लानी आली. त्या दिवसांत गंगूबाई रात्रंदिवस तिथेच होती. ओल्या फडक्याने अंग पुसायची, पेज भरवायची, अंथरूण बदलायची. आणि हे सगळं करता करता तिचे ओठ हलत असायचे. माझ्यासारख्या तत्त्वनिष्ठ मुलीला ते बघवत नव्हतं. मी तिला बाजूला घेऊन सुनावलं, "काकी, बाईंना हे आवडत नाही. त्यांच्या मताचा मान ठेवा."

गंगूबाई म्हणाली, "पोरी, तू फडकं पिळतेस का जरा? माझे हात भरून आले."

मी पिळलं. वाईट पिळलं. तिने माझ्या हातातून घेऊन पुन्हा पिळलं.

ताप उतरला. बाई उठून बसल्या, भिंत धरून चालू लागल्या, डॉक्टरांनी भात खायला परवानगी दिली. आणि मग सगळे आपापलं श्रेय घ्यायला आले. मिश्रा मास्टर म्हणाले जप फळला. आई म्हणाली तीर्थ. चाचा काही म्हणाले नाहीत, पण पाण्याची बाटली परत न्यायला आले तेव्हा तिच्याकडे कौतुकाने बघत होते. बाईंनी हे सगळं सहन केलं. डॉक्टरांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुम्ही उगाच आलात हो रोज."

खरी भानगड गंगूबाईने काढली. एक दिवस बाईंच्या पुढ्यात शिरा ठेवून, पदर सारखा करत म्हणाली, "बाई, आता आराम पडला तुम्हाला. तर मग इच्छापूरला जाऊन येऊ ना जल्दी."

"कशाला?"

"मी बोलली होती ना देवीला. का बाईला आराम पडू दे, तुझ्या पायथ्याशी तिची केळीनं तुला करीन."

बाईंचा चमचा हवेतच राहिला. "कोणाची?"

"तुमची. म्हणजे एका पारड्यात तुम्ही बसायचं, अन् एका पारड्यात..."

"तुला म्हणजे काय ते मला ठाऊक आहे! बोललीस तू, आणि बसू मी?"

"मग मी बसून कसं चालंल? बिमार तुम्ही होत्या."

आता हा घाव नेमका बाईंच्या नियमावर होता. जो बोलेल त्याने करावं, आणि इथे बोलली एक आणि करायचं दुसरीने, तेही भर यात्रेच्या वाटेवर, केळीच्या घडांसमोर, काट्यात लोंबकळून. बाई कडाडल्या. "मी सही केली नाही, मला विचारलं नाही, मी शुद्धीवरसुद्धा नव्हते! परभारे माझ्या नावाचा नवस बोललीस कशी?"

"शुद्धीवर असत्या तर बोलू दिला असता का?" गंगूबाई म्हणाली. बाईंनी शिरा खायला घेतला.

आठवडे गेले. बाई बधेनात. आणि इकडे एक निराळीच अडचण वाढत चालली. ताप उतरल्यावर भूक लागते म्हणतात, तशी बाईंना लागली. गंगूबाई रोज तूप घालून खाऊ घालायची, आणि रोज डोळ्यांनी अंदाज घेऊन कपाळाला हात लावायची. "बोलली तेव्हा काडी होती हो नुसती," ती माझ्या आईला सांगायची. "चार घडांत काम झालं असतं. आता आमच्या मालकाला मळाच तोडून न्यावा लागंल."

"मग खाऊ घालू नका," आई म्हणाली.

"वा! बिमारीतून उठलेल्या बाईला?"

मी मात्र खुशीत होते. मला वाटत होतं, हा आमचा लढा आहे. मी बाईंना रोज जाऊन बळ द्यायचे. "बाई, तुम्ही गेलात तर आमचं काय? सगळं गाव म्हणेल, नास्तिक बाई शेवटी देवीला शरण आली. विचारांचा पराभव होईल." असं खरोखर बोलायचे मी, 'विचारांचा पराभव', खिडकीत उभी राहून, एक हात गजावर ठेवून. तो हात कुठे ठेवायचा हेसुद्धा मी ठरवलेलं असणार.

एक दिवस बाई वैतागल्या. "कुसुम, खाली बस. गजाला धरून बोलू नकोस, तुरुंगात असल्यासारखी दिसतेस." मी बसले. "गंगूने माझ्या आजारात तिचा देव घुसवला. तू माझ्या आजारात तुझं तत्त्व घुसवलंस. तिच्यासाठी मी देवीची, तुझ्यासाठी मी चळवळीची. या खाटेवर मला जागा शिल्लक ठेवलीय का कोणी?"

मग त्याच पुढे म्हणाल्या, "आणि तिची प्रार्थना नको म्हणावं तर तिचं ओलं फडकंही नको म्हणायला हवं होतं. तिच्यात ते वेगळं नाहीये. तुला वेगळं काढता येईल? मला नाही आलं."

त्याच सुमाराला गंगूबाईची सून गावाकडून शहरातल्या घरी बाळंतपणाला आली. तिचं पहिलं मूल राहिलं नव्हतं. आता दिवस भरत आले तशी गंगूबाई बदलली. भांडेनाशी झाली. बाईंनी वरून मुद्दाम कांदा चिरत असल्याचं ओरडून सांगितलं, तरी खालून आवाज नाही. मग सुनेनेच सांगितलं की सासूबाई जेवत नाहीत.

बाई खाली स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. गंगूबाई चुलीपुढे बसली होती.

"काऊन जेवत नाहीस?" बाईंनी तिच्याच भाषेत विचारलं.

गंगूबाई वर न बघता म्हणाली, "बाई, नवस तुमचा असता तर तुमच्यावर आला असता. पण बोलली मी. अन् फेडला नाही तर ज्यानं बोलला त्याच्या घरावर येतो. माझ्या घरात आता काय आहे, तुम्हाला दिसू राह्यलं ना? मी तुम्हाला म्हनत नाही चला. तुमची जबरदस्ती नाही. पन घास नाही उतरत."

मी तोंड उघडलं. असं काही होत नसतं, मूल राहण्या न राहण्याचा आणि केळ्यांचा संबंध नाही, हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. आणि ते खरंच होतं. आजही खरंच आहे. बाईंनी न बघता हात वर करून मला थांबवलं, वर्गात थांबवायच्या तसं.

"गंगू," त्या म्हणाल्या, "ऐक. मी काट्यात बसेन. हात जोडणार नाही. पायऱ्या चढणार नाही. आणि तिथे तू मोठ्याने सांगायचं, की हा नवस माझा आहे, बाईंचा नाही. कबूल?"

गंगूबाईने मान हलवली. मग डोळे पुसत म्हणाली, "चप्पल काढाल ना?"

"काट्यात चप्पल घालून कोण बसतं? वजन खोटं येईल!"

मला बाईंनी साक्षीदार म्हणून चलायला सांगितलं. मी चिडून गेले. पहाटे निघालो, केळीच्या गाडीमागून आमची गाडी. इच्छापूर आलं, देवीची टेकडी दिसली, तेव्हा मी जाहीर केलं की मी गाडीतून उतरणार नाही, माझा निषेध आहे. गाडीवान म्हणाला, "बसा ना ताई," आणि त्याने बैल सोडले. बैल सोडले की गाडी पुढे कलते हे माझ्या चार पुस्तिकांत कुठे नव्हतं. मी घसरत घसरत थेट धुळीत उतरले.

टेकडीच्या पायथ्याशी निंबाखाली तीन लाकडी बल्ल्या उभ्या करून कापूस तोलायचा मोठा काटा टांगला होता. यात्रेकरू जमले. बाई पारड्यात बसल्या, मांडी घालून, हाताची घडी, हनुवटी वर. वर्गात गोंधळ चालू असताना तो थांबायची वाट बघत बसतात तशा. गंगूबाईने सांगितल्याप्रमाणे मोठ्याने म्हटलं, "आई, हा नवस माझा आहे, बाईचा नाही!" आणि वर स्वतःहून जोडलं, "बाई तुला ओळखत नाही, तू बाईला ओळखून घे!"

"एवढं बोलायचं ठरलं नव्हतं," पारड्यातून आवाज आला.

केळी चढायला लागली. घडामागून घड. गाडी रिकामी झाली. बाईंचं पारडं जमिनीवरून उचललं गेलं, थोडं डुललं, आणि पुन्हा खाली टेकलं. कमी पडली केळी. तूप आणि शिरा आपलं काम करून गेले होते.

पुजारी म्हणाला, "होऊन गेलं. देवी समजून घेते." गंगूबाईचे मालक म्हणाले, "हाँ हाँ, भावना महत्त्वाची." गंगूबाईसुद्धा घाईने हात जोडू लागली. उन्हं चढली होती, सगळ्यांना परतायचं होतं.

"नाही!" बाई म्हणाल्या. "मी उतरणार नाही. पुरं करा."

"अहो बाई, चालतं..."

"चालत नाही! तुला म्हणजे तुला. गंगू, तू केळी बोलली होतीस की फोपनारची केळी?"

"केळीच बोलली होती."

"मग इथल्या मळ्यातली चालतील. जा, आणा."

पुजारी हसला. "बाई, तुम्ही तर मानतच नाही म्हणे, मग एवढं काटेकोर कशाला?"

बाईंचा संयम तिथे संपला. "कारण तुम्ही सगळे घरी जाल! आणि माझ्या खालच्या मजल्यावर ही बसेल. उद्या त्या पोरीच्या पोटात एक कळ आली की ही म्हणेल, चार फण्या कमी पडल्या होत्या! रात्रभर म्हणेल! देवी समजून घेईल हो तुमची. ही नाही घेणार!"

गंगूबाई पारड्याशेजारी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. बाई पारड्यातून तिला म्हणाल्या, "रडू नकोस, काटा हलतोय."

मालक घाईने आमचीच गाडी जुंपून जवळच्या मळ्यात गेले. घड येईपर्यंत बाई पारड्यातच. मी छत्री धरून उभी राहिले, दुसरं काय करणार? निषेध करायला गाडीसुद्धा उरली नव्हती. जमलेली माणसं आपसांत म्हणत होती, काय श्रद्धा आहे बाईची, उतरायलाच तयार नाही. बाईंना ते ऐकू येत होतं. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. पण त्या मळ्याच्या वाटेकडे बघत राहिल्या. नवे घड आले, चढले, आणि बाईंचं पारडं हळूहळू उचललं जाऊन दुसऱ्याच्या बरोबरीला आलं. थांबलं. बाईंनी मान वर करून काट्याची जीभ, ती मधली सुई, स्वतः तपासली.

"गंगू, बघ. नीट बघ. पुन्हा विचारायचं नाही."

"बघितलं बाई."

"आता जेव."

सुनेला मुलगी झाली, सुखरूप. गंगूबाई पेढे घेऊन वर आली आणि म्हणाली, "देवी पावली." बाई म्हणाल्या, "दाईला लुगडं दे आधी." गावात मात्र जे व्हायचं तेच झालं. मोठ्या बाई देवीला शरण गेल्या. मिश्रा मास्टरांनी वाकून नमस्कार केला. एका पोरीने भर वर्गात विचारलं, "बाई, तुम्ही आता देव मानता?" मी दाराशी कान लावून उभी. बाई म्हणाल्या, "मला तोललं, माझ्या मताला नाही. बस खाली. भूगोल काढ." आणि नव्या राज्याचा नकाशा फळ्यावर काढायला लागल्या.

पुढे माझं लग्न होऊन मी खांडव्याला आले. तिथे सासूबाईंच्या देवघरापुढे माझ्या नास्तिकपणाचं काय झालं तो वेगळा विनोद आहे. बाई निवृत्त होऊनही त्याच माडीवर राहिल्या. शेवटच्या आजारात त्यांना भेटायला गेले ती दुपार आठवते. छातीचं दुखणं होतं, डॉक्टरांनी आता फार काही करण्यासारखं नाही असं सांगितलं होतं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या, आणि खूप हलक्या झाल्या होत्या. उशाशी गंगूबाई बसली होती, तीही म्हातारी, ओठ घट्ट मिटून. इतके घट्ट की गाल फुगले होते. मी हळूच विचारलं, काय झालं?

"बाईनं सांगितलंय," ती कुजबुजली, "करायचं तर मनात कर. तोंड हललेलं मला चालणार नाही."

मी बसले. खाली कोणाची तरी पोर पाढे म्हणत होती. मग गंगूबाईचं लक्ष कुठेतरी गेलं असावं. ओठ सुटले, आणि आपोआप हलायला लागले.

"गंगू," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "हलतंय."

गंगूबाई दचकली. "पान चघळू राह्यली बाई."

तिच्या तोंडात पान नव्हतं. ते मला दिसत होतं, आणि बाईंना बघायची गरज नव्हती.

"मग चघळ," बाई म्हणाल्या, आणि कूस बदलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.